दोनशे नव्वद ग्रॅम

भिंतीवरची यादी काटेकाकांनी तीनदा वाचली. पाच वर्षं पुरी झालेले ऑक्सिजनचे सिलेंडर पाण्याच्या चाचणीसाठी जमा करायचे होते. खाली एकोणीस आकडे. त्यातले अठरा सिलेंडर कारखान्याच्या आवारातच रांगेत उभे होते. एकोणिसावा त्यांच्या घरी होता, पलंगाच्या उशाशी, गेले आठ महिने.

"काका, पाठ करताय की काय?" मागून पंपवाली म्हणाली. चाचणीचा पंप तिच्या ताब्यात, म्हणून तिला सगळे पंपवालीच म्हणत. चाळिशीची बाई, आवाज पंपापेक्षा मोठा. "तुमचा तेवढा राहिलाय."

"आणतो."

"आणतो आणतो म्हणत दोन महिने झाले. साहेब मला बोलतात, तुम्हाला नाही बोलत. तुम्हाला घाबरतात ते."

"उद्या आणतो म्हटलं ना."

"त्यात काही आहे, का रिकामाच आहे?"

काटेकाका आपल्या विभागाकडे निघून गेले. नेमका तोच तर प्रश्न होता. आठ महिने तो त्यांच्या मागे लागला होता. सिलेंडरची झडप किल्लीने जरा सैल केली असती तर उत्तर एका क्षणात मिळालं असतं. तेवढं त्यांच्याने झालं नव्हतं. आणि आता चाचणी. चाचणीआधी असेल नसेल तो गॅस सोडून देतात आणि सिलेंडरच्या पोटात पाणी भरतात. एकदा पाणी भरलं की उत्तर बुडालं, ते कायमचंच.

त्यांचं आडनाव काटे नव्हे. पण तीस वर्षं त्यांनी वजनकाट्यापाशी काढली होती, स्वभावही काटेकोर, म्हणून कोणीतरी एकदा काटेकाका म्हटलं आणि ते चिकटलं. बायकोच्या कानावर हे नाव गेलं तेव्हा ती पोट धरून हसली होती. म्हणाली, "बरोबर आहे. गुलाब कोणाच्या घरी गेला कोण जाणे, काटा माझ्याकडे आला."

तिची फुप्फुसं हळूहळू निकामी होत गेली. शेवटचं वर्षभर तिला घरी ऑक्सिजन लागायचा. नवराच ऑक्सिजन भरणारा, त्यामुळे बाकी कशाची नाही तरी त्याची ददात नव्हती. पहिला सिलेंडर घरी आला तेव्हा तिने विचारलं, "एवढ्या लोखंडात नुसती हवा? आणि ती किती आहे हे तुम्हाला कसं कळतं? हवेला का वजन असतं?"

"असतं तर."

"काहीतरीच."

मग त्यांनी तिला कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडून दाखवला होता. या सिलेंडरच्या पोटात दहा लिटर पाणी मावतं. मीटरवर एकशे चाळीस दाब दिसला, म्हणजे त्या दहा लिटरच्या जागेत एकशे चाळीस पट गॅस कोंबलाय. दहा गुणिले एकशे चाळीस, चौदाशे लिटर. आणि ऑक्सिजनचं एक लिटर भरतं एक ग्रॅम आणि वर तीन दशांश. चौदाशेला एक पूर्णांक तीनने गुणलं की अठराशे वीस ग्रॅम. भरण्याआधी तोला, भरल्यावर तोला, तेवढाच फरक येतो.

"म्हणजे पावणेदोन किलोच्या वर हवा," ती म्हणाली. "आणि मी ती एकटीने खाते? तरी अंग धरत नाही."

तिला मिनिटाला दोन लिटर लागत. चौदाशे लिटर म्हणजे सातशे मिनिटं, अकरा तास चाळीस मिनिटं. ते रोज संध्याकाळी दोन सिलेंडर आणत, एक रात्रीचा, एक दिवसाचा. दिवसाचा सिलेंडर सकाळी सहाला लागायचा आणि पाच चाळीसला संपायचा. पाचला काटेकाका घरी. दिवसभर तिच्याजवळ तिची धाकटी बहीण बसायची. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची, शिवणकाम करायची. तिला घरात सगळेच धाकटी म्हणत.

त्या शेवटच्या दिवशी मात्र गणित बिघडलं. आदल्या संध्याकाळी आणलेल्या दोनपैकी एकाची झडप गळत होती. ते पहाटेच कारखान्यात गेले, पहिल्या पाळीला आठ सिलेंडरांची एक रांग भरायला लावली, मीटरवर एकशे चाळीस आला तसा त्यातला एक काढला आणि तसाच घरी आणला. हाताला चटका बसेल इतका तो गरम होता. नवशिक्यांना काटेकाका स्वतः ओरडून सांगायचे, की गरम सिलेंडरचा आकडा लिहू नका, उतू आलेलं दूध कोणी मापतं का? झरझर भरलं की गॅस तापतो, तापला की दाब फुगतो. थंड होऊ द्या, मग खरा आकडा बघा. तीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलं आणि त्या दिवशी स्वतः विसरले.

ती चार वाजता गेली. चार वाजून पाच मिनिटांनी धाकटीचा फोन आला. ते घरी पोचले तेव्हा झडप बंद होती, नळी गुंडाळून उशीशी ठेवलेली होती.

दहा दिवसांनी ते कामावर आले तेव्हा कोणीतरी सहज बोलता बोलता म्हणालं, "त्या पहाटेची तुमची रांग कमी भरली होती काका. बाकीचे सातही थंड झाल्यावर एकशे वीसच दाखवत होते."

एकशे वीस. बाराशे लिटर. सहाशे मिनिटं. दहा तास. सकाळी सहा आणि दहा तास, म्हणजे दुपारचे चार.

हे गणित करायला त्यांना कागद लागला नाही. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा उचलला नाही.

तेव्हापासून ते धाकटीकडे गेले नव्हते. काय विचारणार? माझी बायको आजाराने गेली, का माझ्या घाईने? तिने कधी तरी डबा पाठवला तर ते रिकामा डबा शेजारणीच्या हाती परत करत. ती स्वतः आली, तर दारातूनच दोन शब्द बोलून वाटेला लावत. आणि धाकटीही हल्ली येईनाशी झाली होती.

*

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत काटेकाकांनी सिलेंडर हातगाडीवर घालून आणला. पंपवाली डबा संपवून हात धूत होती.

"आलं का वऱ्हाड," ती म्हणाली, आणि मग तिची नजर सिलेंडरवर गेली. सिलेंडरला निळ्या कापडाची खोळ होती, तळाला झालर, मानेशी नाडी. घरात लोखंड उभं आहे असं वाटू नये म्हणून बायकोने ती शिवली होती.

"चाचणीला घेण्याआधी मला तो तोलायचाय," काटेकाका म्हणाले.

"तोला. काटा काय माझ्या बापाचा आहे?"

त्यांनी सिलेंडर काट्यावर ठेवला. तेरा किलो नऊशे साठ ग्रॅम. ते वाकले, चष्मा सावरला आणि खोळीची नाडी सोडून सिलेंडरच्या खांद्यावर ठोकलेला आकडा वाचला. रिकाम्याचं वजन, तेरा किलो चारशे. वजाबाकी केली. पाचशे साठ ग्रॅम.

"काका," पंपवाली हळू म्हणाली, "खोळ."

"काय?"

"खोळीसकट तोललात. तुम्ही! उद्या सूर्य पश्चिमेला उगवणार."

त्यांनी खोळ उतरवली, घडी घालून बाजूला ठेवली. तेरा सातशे दहा. नुसत्या कापडाचे अडीचशे ग्रॅम होते. म्हणजे उरले तीनशे दहा.

"तीनशे दहा," ते म्हणाले. "रिकामा नाही. यात गॅस आहे."

पंपवालीने मान हलवली, पण होकाराची नाही. "काका, मी बोलले तर राग येईल. पाच वर्षांत याला दोनदा रंग मारलाय. खालचा थर हिरवा दिसतोय बघा. झडपही मूळची नाही. खांद्यावरचा आकडा कारखान्यातून निघाला त्या दिवशीचा. तुम्हीच शिकवलंय मला, ठोकलेल्या आकड्यावर विसंबू नये म्हणून. तीनशे दहा रंगाचेही असतील."

"एवढा रंग?"

"रंग, झडप, गंज, कशाचे काय किती, तुम्ही सांगा. मी नाही सांगू शकत."

काटेकाका स्टुलावर बसले. ती खरं बोलत होती. खरं वजन कळायचा एकच मार्ग होता. आता तोलायचं, मग झडप उघडून गॅस सोडायचा आणि रिकामा झाला की पुन्हा तोलायचं. दोन वजनांत जेवढा फरक, तेवढा गॅस. रंग कितीही असो, झडप कोणतीही असो, ते दोन्ही वेळेला तितकंच भरणार. शाळकरी पोरालाही कळेल असा हिशोब. पण त्यासाठी सोडावा लागणार होता तो गॅस. तिच्यासाठी भरलेला. ती ज्यातला निम्मा-अधिक श्वासात घेऊन गेली त्याचा उरलेला.

आणि झडप उघडून काहीच आलं नाही तर?

पंपवालीला सगळं ठाऊक नव्हतं, पण तीही काही दुधखुळी नव्हती. तिने आवाराच्या फाटकाशी विडी ओढत बसलेल्या दोघांना हाकललं, "उठा, तिकडे पलीकडे जा, इथे गॅस सोडतोय." मग ती हात पुसत परत आली. "मी उघडू?"

"नको. माझे हात कोरडे आहेत."

त्यांनी सिलेंडर मोकळ्यावर नेला, तोंड माणसांकडून फिरवलं, किल्ली लावली आणि पाव फेरा दिला.

आधी काहीच ऐकू आलं नाही. आणखी पाव फेरा. आणि मग आवाज आला. सूं करत, बारीक आणि सरळ. एक मिनिट झालं, दोन झाली. आवाज चालूच. काटेकाका किल्ली धरून उभे होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत येऊन थेंब थेंब शर्टवर पडत होतं. पंपवालीने दुसरीकडे तोंड केलं आणि उगाचच दोन नळ्या इकडच्या तिकडे ठेवल्या.

आवाज थांबल्यावर त्यांनी सिलेंडर पुन्हा काट्यावर ठेवला. तेरा किलो चारशे वीस.

"सातशे दहातून चारशे वीस," पंपवाली म्हणाली. "दोनशे नव्वद. वीसच ग्रॅमचा रंग होता की हो. मी उगाच तुमचा जीव टांगणीला लावला."

"तू बरोबर बोललीस."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि भिंतीवरची यादी उतरवून तिच्याच मागे लिहिलं. दोनशे नव्वद भागिले एक पूर्णांक तीन. दोनशे तेवीस लिटर. मिनिटाला दोन लिटर. एकशे अकरा मिनिटं आणि वर थोडं. एक तास एक्कावन्न मिनिटं.

ते त्या आकड्याकडे बघत राहिले. चार वाजता सिलेंडर कोरडा व्हायला हवा होता. झाला नव्हता. म्हणजे सकाळी सहा ते दुपारी चार या वेळात कधीतरी, सगळं मिळून एक तास एक्कावन्न मिनिटं झडप बंद होती. गणितात दुसरी वाटच नव्हती.

*

काम सुटल्यावर ते थेट धाकटीकडे गेले. दार उघडंच होतं. ती शिवणयंत्रापाशी कोणाचा तरी कोट उसवत बसली होती. त्यांना बघून ती उठली, तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"भाऊजी? या ना. पाणी आणते."

"पाणी नको. बस. एक विचारायचंय."

ती बसली. आठ महिने याचीच वाट बघत होती, अशी बसली.

"त्या दिवशी तिने नळी काढली होती. एक तास एक्कावन्न मिनिटं."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. "कोणी सांगितलं तुम्हाला? घरात आम्ही दोघीच होतो."

"काट्याने सांगितलं. सिलेंडर तोलला आज."

तिने पदर तोंडाशी नेला. "माझ्यामुळे गेली ती, भाऊजी. मला ठाऊक होतं तुम्हाला एक ना एक दिवस कळणार. बारा वाजता म्हणाली, 'धाकटे, ही वेसण काढ गं जरा, बैल झालाय माझा. मला गॅलरीत बसव.' मी नको म्हटलं. तर स्वतःच काढली. स्वतःच्या हाताने झडप बंद केली. म्हणाली, 'वाया कशाला घालवायचं, माणूस पहाटे उठून भरून आणतो.' आणि म्हणाली, 'त्यांना सांगू नकोस, ते मिनिटं मोजतील.'"

काटेकाकांच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला.

"दोनच्या सुमाराला धाप लागली तशी मी तिला आत आणलं, नळी लावली. पण मग ती सावरलीच नाही. दोन तासांत गेली. मी काढू दिली नसती तर... म्हणून तुम्ही येत नव्हता ना इकडे? माझं तोंड बघायला नको म्हणून?"

"चार वाजता नळी नाकात होती?"

"होती."

"गॅस येत होता?"

"येत होता. सगळं शांत झालं तरी त्याचा सूं सूं आवाज चालूच. मला तो ऐकवेना, म्हणून मी झडप फिरवली."

काटेकाकांनी डोळे मिटले. आठ महिन्यांचं ओझं पाठीवरून उतरलं आणि त्याच क्षणी त्यांना दिसलं, की ते जमिनीवर पडलेलंच नाही. ते समोरच्या बाईच्या पाठीवर आहे. तिथे ते पहिल्यापासूनच होतं. इथून उठून घरी गेलं तर त्यांना झोप लागली असती. आणि तिला सांगायचं तर आपली चूक स्वतःच्या तोंडाने बोलावी लागणार होती. आजवर त्यांनी ती कोणालाही सांगितली नव्हती.

"कागद दे एक," ते म्हणाले.

तिने मापं लिहायच्या वहीचं पान फाडून दिलं. त्यांनी वर लिहिलं, एकशे चाळीस. मग ते खोडलं आणि एकशे वीस लिहिलं.

"त्या पहाटे मी घाई केली. सिलेंडर गरम असतानाच आकडा घेतला आणि घरी आणला. मला वाटलं चौदाशे लिटर आहेत. होते बाराशे. तीस वर्षांत कधी केली नाही अशी चूक मी नेमकी तिच्या सिलेंडरला केली. हे मला दहा दिवसांनी कळलं. म्हणून मी येत नव्हतो. तुझं तोंड बघायला नको म्हणून नाही गं. माझं दाखवायला नको म्हणून."

त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला.

"मिनिटाला दोन लिटर. बाराशे लिटर किती पुरतील?"

"सहाशे मिनिटं," ती सावकाश म्हणाली. ताईजवळ बसून बसून हा हिशोब तिलाही यायला लागला होता. "दहा तास."

"सकाळी सहाला लावला."

तिने बोटांवर मोजलं आणि शेवटच्या बोटाशी थांबली. "चार."

"चार. तू तिची नळी काढू दिली नसतीस, तर ऐन चारला सिलेंडर कोरडा झाला असता. ती तडफडत गेली असती, आणि तू एकटी तिच्यापाशी. दुसरा सिलेंडर घरात नव्हता. तिने बाराला वाचवलेलं तिला चारला मिळालं. तू दिलंस ते."

"पण नळी काढल्यामुळेच तर..."

"आदल्या दिवशी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, आठवडाही काढेल असं वाटत नाही. नळी असो नसो. मी तिला सांगितलं नाही, तुलाही नाही."

"तिला ठाऊक होतं," धाकटी म्हणाली. "ती मला म्हणाली, 'डॉक्टर यांना बाजूला घेऊन गेले, आणि हे परत आले ते माझ्याकडे न बघता खिडकी पुसायला लागले. यांनी जन्मात कधी खिडकी पुसली नाही.'"

मग धाकटीने डोळे पुसले. "आठ महिने, भाऊजी! तुम्ही तिकडे, मी इकडे. काय म्हणावं आपल्याला?"

"खुळे म्हणावं. दुसरं काय."

तिने उठून पाणी आणलंच. काटेकाका ते एका दमात प्यायले आणि त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"गॅलरीत दोन तास काय करत होतात?"

"दोन कुठे? एक तास एक्कावन्न मिनिटं," ती म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू आलं. "खरं सांगू? तुमच्या नकला करत होती."

"माझ्या?"

"तुम्ही बाजारातून भाजी आणता आणि घरी येऊन पुन्हा तोलता, त्याची. मला म्हणाली, 'बघ हं, आत्ता हे येतील,' आणि चष्मा नाकाच्या टोकावर ओढून बसली. मी हसले तशी तीही हसली. हसून हसून ठसका लागला तिला, तरी थांबेना. समोरच्या गच्चीवरची बाई बघायला लागली."

"दाखव," काटेकाका म्हणाले.

"इश्श! मला नाही जमणार."

"दाखव गं."

धाकटीने यंत्रावरचा आपला चष्मा उचलला, नाकाच्या टोकावर अडकवला, मान खाली घातली आणि जाड आवाज काढून म्हणाली, "चाळीस ग्रॅम कमी आहेत हो. चाळीस! माणसाने विश्वास ठेवावा तरी कोणावर?"

"मी असा बोलत नाही."

"अगदी अस्सेच बोलता," ती म्हणाली.